अंगण, पडवी आणि पोहण्याच्या टाकीभोवती फरशी कोणती घालावी? (जांबोटी रस्ता, पाऊस भरपूर)

मलप्रभाकाठ (२ जून, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यात खानापूरहून जांबोटीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची जुनी जमीन आहे, तिथं घर बांधतोय. भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली, आता बाहेरचं काम राहिलंय. पडवी आणि तिच्यासमोरचं अंगण मिळून साधारण ६०० चौरस फूट. मागं पोहण्याची छोटी टाकी, २० बाय १०, पाणी ४ फूट. तिच्याभोवती ४ फुटांचा काठ.

टाकी कशाला हे आधीच सांगतो. आई ७४ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात. डॉक्टरांनी पाण्यात चालायचा व्यायाम सांगितलाय. बेळगावात गोवावेसच्या पोहण्याच्या तलावावर नेऊन बघितलं, पण गर्दीत ती बावरते. म्हणून घरीच.

आणि दुसरी गोष्ट. गेल्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या घरी आई दारातल्या पायरीवरून घसरली आणि मनगट मोडलं. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटची पायरी. मीच निवडली होती, दुकानात आरशासारखी चमकत होती म्हणून. तेव्हापासून फरशी म्हटलं की छातीत धस्स होतं.

आता दुकानदार म्हणतो, मॅट विट्रिफाइड टाइल सगळीकडं एकसारखी टाका. मेस्त्री म्हणतो कोटा. चुलतभाऊ म्हणतो जांभा घरचाच आहे, बाहेरून दगड आणायचं कारण काय? तिघंही ठाम आहेत. तुम्ही काय वापरलंय, किती वर्षं झाली आणि पावसाळ्यात त्यावरून अनवाणी चालता येतं का, एवढं सांगा.

हिंडलग्याची_मीना (२ जून, रात्री ९.३२)

चमकणारं काहीही नको. बाकी नंतर सविस्तर लिहिते. आईंचं मनगट बरं आहे ना आता?

निपाणकर (२ जून, रात्री १०.०५)

मेस्त्रीचं ऐका. आमच्या अंगणात कोटा घालून १२ वर्षं झाली. तंबाखूची पोती टाकली, ट्रॅक्टर फिरवला, लग्नाचा मांडव घातला, फरशी आहे तशी आहे. फक्त पॉलिश न केलेला घ्या, खाणीतून निघतो तसा. गुळगुळीत कोटा पहिल्या पावसातच हाडं मोडतो.

गवंड्याचा_नातू (२ जून, रात्री ११.४८)

आजोबा आणि वडील दोघेही दगडकामातले, मी स्वतः १८ वर्षं फरशीचं काम करतोय. म्हणून थोडं लांबण लावतो.

दगडाचं नाव नंतर, आधी त्याची पाठ बघायची. एकाच ग्रॅनाइटची एक पाठ आरशासारखी करता येते आणि एक खरखरीत. खरखरीत करायच्या दोन रीती. एक म्हणजे फ्लेम. दगडावर ज्योत फिरवली की त्यातली गारेची (क्वार्ट्झची) स्फटिकं तडतडून उडतात आणि पाठ बारीक खडबडीत होते. हे ग्रॅनाइटला चांगलं जमतं, कारण त्यात गार असते. कोटा, शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड. त्यांच्यावर ज्योत लावून तसा उपयोग होत नाही. त्यांना दुसरी रीत, टाकी म्हणजे छिन्नी मारायची. पूर्वी हातानं मारायचे, माझ्या आजोबांच्या तळहाताला त्याचे घट्टे होते. आता मशीनच्या हातोड्यानं होतं.

तुमच्या काठासाठी माझी पसंती फ्लेम केलेल्या करड्या ग्रॅनाइटला. बंगळूरकडचा सादरहळ्ळी मिळतो, आपल्याकडचा इलकलचा गुलाबीही चांगला. जाडी पाऊण इंचाच्या खाली नको. पडवीत छप्पर आहे, तिथं रफ कोटा चालेल, निपाणकर म्हणतात ते बरोबर. जांभ्याबद्दल उद्या लिहितो, त्यात भांडण आहे.

आमच्याकडं एक कानडी मेस्त्री आहेत. गिऱ्हाइकानं पॉलिश फरशी बाहेर घालायला सांगितली की त्यांचा एकच शब्द असतो, "जारतैति". घसरते. पुढं बोलतच नाहीत, हत्यारं उचलून चालू लागतात.

शहापूरची_सून (३ जून, सकाळी ७.१५)

"जारतैति" वाचून हसू आलं, आमच्या सासूबाई अगदी असंच म्हणतात. मेस्त्रींना माझा नमस्कार सांगा.

चिरेखाण (३ जून, सकाळी ८.४०)

नातू, भांडण उद्यावर कशाला? आजच करू.

जांभा ह्या मातीचा दगड आहे. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. हवा लागली की कडक होत जातो. खानापूर, चंदगड, पुढं कोकण, सगळीकडं जुनी घरं ह्याच चिऱ्यांची. आमच्या घराचं जोतं आजोबांच्या वडिलांनी घातलंय आणि अजून एक चिरा हललेला नाही. पाठ जन्मजातच खरखरीत, ना टाकी लागते ना फ्लेम. उन्हात पाय भाजत नाहीत. शेजारच्या खाणीत मिळत असताना राजस्थानातून कोटा आणायचा, हे मला पटत नाही.

गवंड्याचा_नातू (३ जून, दुपारी १.२०)

चिरेखाण दादा, जोत्याला आणि भिंतीला जांभ्यासारखा दगड नाही, हे मी कुणापुढंही म्हणेन. पण जांभा भोकाभोकांचा आहे, पाणी पितो. जिथं ऊन येतं तिथं तो वाळतो आणि छान राहतो. जिथं सावली आहे, फणसाखाली किंवा उत्तरेच्या बाजूला, तिथं आषाढात त्याच्यावर शेवाळ धरतं आणि मग ती खरखर कुठल्या कुठं जाते. तुमच्या अंगणात ऊन असेल. धागाकर्त्यांच्या टाकीमागं झाडी आहे का, ते विचारायला हवं.

टाकीच्या काठाला तर नकोच. भोकांत पाणी मुरतं, लोखंडाचा लाल रंग उतरतो आणि ओघळ टाकीत जातात. क्लोरीनच्या पाण्यानं तो सतत भिजलेला राहणार, म्हणजे सतत हिरवा.

चिरेखाण (३ जून, दुपारी २.०५)

काठाचं मान्य. पायवाटेचं नाही. वाटेला जांभाच.

गवंड्याचा_नातू (३ जून, दुपारी २.११)

वाटेला जांभाच. चिऱ्यांमध्ये दोन बोटं फट ठेवून गवत येऊ द्यायचं. मिटलं भांडण.

मलप्रभाकाठ (३ जून, रात्री ८.५५)

मीनाताई, मनगट जुळलं, पण मूठ पूर्ण वळत नाही. विचारलंत, बरं वाटलं.

टाकीच्या पश्चिमेला दोन फणस आणि एक जांभूळ आहे. दुपारनंतर सावलीच. म्हणजे शेवाळाचा प्रश्न आहेच. शहाबादीबद्दल कुणी बोललं नाही? जुन्या घरात तीच होती.

घटप्रभेचे_पाणी (३ जून, रात्री ९.४०)

शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. आपला जिल्हा दगडांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. बेळगाव शहर आणि आसपास दख्खनचा काळा बेसाल्ट, त्याचं हे दक्षिणेकडचं टोक. पश्चिमेला खानापूर, कणकुंबी भागात डोंगरमाथ्यावर जांभा. पूर्वेला गोकाक, सौंदत्तीकडं गेलात की वालुकाश्म आणि गारगोटीसारखा कठीण दगड, आणि त्याच पट्ट्यात पुढं बागलकोटकडं चुनखडी. ह्या सगळ्या थराला कलादगीचं नाव आहे. ६०-७० मैलांत इतके दगड पायाखाली बदलतात. मुलांना सहलीला नेलं की मी खिशात एक एक तुकडा भरायला लावायचो.

शहाबादी आपल्या जिल्ह्यातली नाही, ती गुलबर्ग्याकडची. थराथराचा दगड आहे. घरात शंभर वर्षं राहील, पण उघड्यावर पाणी थरांत शिरतं आणि वरून पापुद्रे सुटतात. सगळीच सुटत नाही, पण कुठली सुटेल हे आधी कळत नाही.

उद्यमबागकर (४ जून, सकाळी ६.५०)

घटप्रभा सर, तुकड्यांची कल्पना फार आवडली.

मी यंत्राच्या कामातला माणूस, मला मोजमाप लागतं. घसरण्याचंही मोजमाप असतं. जर्मनीत उताराच्या फळीवर माणसाला चालवून फरशा तपासतात आणि टाइलच्या पत्रकावर त्याचा आकडा असतो. आर ९ ते आर १३ हे आकडे बूट घालून, तेल ओतलेल्या फरशीवर काढलेले असतात. कारखान्यासाठी ते ठीक. अनवाणी पायासाठी दुसरी चाचणी आहे, डीआयएन ५१०९७ ह्या जर्मन क्रमांकानं ओळखली जाते. त्यात साबणाच्या पाण्यावर अनवाणी चालवतात. तिचे वर्ग ए, बी, सी. फळी १२ अंश कलली तरी माणूस उभा राहिला तर ए, १८ ला बी, २४ ला सी. कपडे बदलायच्या कोरड्या जागेला ए पुरतो, तलावाच्या काठाला बी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सी.

आता दुकानदाराच्या "मॅट विट्रिफाइड"कडं या. मॅट म्हणजे चमक नाही, एवढाच त्याचा अर्थ. पकड आहे असा अर्थ होत नाही. कोरड्या बोटाला खरखरीत लागते आणि साबणाचा एक थेंब पडला की निसटते. पत्रक मागा. आर ११ लिहिलेलं असलं तरी अनवाणी वर्ग कुठला, ते विचारा. दुकानदार गप्प बसला तर फरशी घेऊ नका.

रानमेवा (४ जून, सकाळी ९.३०)

एवढं सगळं ऐकून माझा एक साधा प्रश्न. आमच्या लहानपणी आम्ही विहिरीत पोहायला शिकलो, कमरेला पांगिऱ्याचं हलकं लाकूड बांधून. तिथं ना ए वर्ग होता ना बी. काकांनी वरून ढकललं की थेट सी. :)

शहापूरची_सून (४ जून, सकाळी ९.४४)

हा हा! आमच्याकडं पांगिऱ्याऐवजी तेलाचा रिकामा डबा असायचा. पण रानमेवा, आपण दहा वर्षांचे होतो. इथं ७४ वर्षांच्या बाईचे पाय आहेत.

रानमेवा (४ जून, सकाळी ९.५८)

अगदी खरं. माझ्या आजीलाही विहिरीच्या पायऱ्यांनीच धरून ठेवलं होतं. काळ्या दगडाच्या, टाकी मारलेल्या पायऱ्या, ऐन श्रावणातही पाय घट्ट बसायचा. म्हणजे त्या गवंड्यांना हे सगळं माहीत होतंच की.

हिंडलग्याची_मीना (४ जून, दुपारी ३.२०)

आता सविस्तर. आमच्या गच्चीवर पाच वर्षांपूर्वी गडद राखाडी फरशी घातली, दिसायला देखणी. एप्रिलमध्ये दुपारी त्यावर पाय ठेवता येत नाही. माझा नातू टाकीतल्या पाण्यात खेळून बाहेर आला आणि रडतच आत पळाला, तळपाय लाल झालेले. काठाला फिकट रंग घ्या. पण अगदी पांढराही नको, डोळ्यांवर तिरीप येते. करडा, बदामी, फिकट गुलाबी, असा.

आणि टाकीच्या आतला रंग! हल्ली सगळे गडद निळा किंवा काळा तळ करतात, फोटोत तळ्यासारखा दिसतो. पण तळाशी पोर गेलं तर वरून दिसत नाही. तुमच्याकडं सुट्टीत भाचरं येणारच. आतून फिकटच ठेवा. कळकळीनं सांगते.

मलप्रभाकाठ (४ जून, रात्री ९.०५)

मीनाताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीची दोन लहान मुलं आहेत. आतला रंग फिकट, ठरलं.

पण आत नेमकं घालायचं काय? आणि पाणी किती लागेल हाही घोर आहे. उन्हाळ्यात आमची बोअर धापा टाकते.

टाकीवाला_अण्णा (५ जून, सकाळी ११.१५)

तलाव बांधणं आणि सांभाळणं हाच माझा धंदा, गोव्यापासून हुबळीपर्यंत. क्रमानं सांगत नाही, आठवेल तसं सांगतो.

पाणी: २० गुणिले १० गुणिले ४ म्हणजे ८०० घनफूट, साडेबावीस हजार लिटर. एकदा भरलं की गाळून वर्षानुवर्षं तेच वापरायचं, दरवर्षी उपसायचं नाही. उन्हानं १ मिलिमीटर पाणी उडालं तर तुमच्या टाकीतून साडेअठरा लिटर गेले, असा हिशेब धरा. कडक उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर सहज जातं. रात्री आच्छादन घातलंत तर बरंच वाचतं.

आत: काचेची बारीक मोझेक, नाहीतर तलावासाठी बनवलेली सिरॅमिक. न्हाणीघराच्या भिंतीची टाइल कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. ती वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, विट्रिफाइड अर्ध्या टक्क्याच्या आत. घरीच तपासता येतं. कोरडी टाइल स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, दिवसभर भिजवा, पुसून परत तोला.

मोझेकचा आणखी एक फायदा आहे. तुकडे बारीक म्हणजे जोड जास्त, आणि जोड जास्त म्हणजे पायाला पकड. आई तळावर चालणार आहेत, म्हणून मी मोझेकच म्हणेन. मागं जाळी चिकटवलेली घेऊ नका, पुढून कागद लावलेली घ्या. जाळीचा गोंद पाण्यात सुटतो आणि तुकडे निघतात.

चिकटवायला सिमेंटची रबडी नको. विट्रिफाइड आणि काच पाणी पीत नाहीत, म्हणून रबडी त्यांना धरत नाही. टाइलचं ॲडेसिव्ह घ्या. पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि खाली टाइप छापलेला असतो. टाइप १ टाकीला चालत नाही. जोडांत इपॉक्सी (राळेचा मसाला) भरा. महाग आहे, पण सिमेंटचे जोड पाणी आंबट झालं की झिजतात. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा.

टाइल लावायच्या आधी टाकी पाण्यानं भरून तीन दिवस ठेवा, खडूनं रेघ मारा. पाणी रेघेखाली किती गेलं ते बघा. बादलीत पाणी भरून तीही शेजारी ठेवा, म्हणजे उन्हानं किती उडालं आणि गळलं किती, ते वेगळं कळेल. हे न करता टाइल लावली तर गळती शोधायला सगळं उखडावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या भागात जुलैत जमिनीतलं पाणी हाताशी येतं. भर पावसाळ्यात टाकी कधीही रिकामी करू नका. आत पाणी नसलं की खालचं पाणी टाकीला होडीसारखं वर ढकलतं, तळ फुटतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय. तळाला दाब सोडणारी झडप बसवून घ्या आणि साफसफाई मार्च-एप्रिलमध्ये करा.

निपाणकर (५ जून, दुपारी १२.०२)

अण्णा, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. पण काठाला कोटा का नको, ते कुणी सांगितलं नाही. रफ कोटा घसरत नाही हे सगळ्यांना मान्य आहे ना?

टाकीवाला_अण्णा (५ जून, दुपारी १२.३०)

घसरत नाही, खरं आहे. अडचण आम्लाची. कोटा चुनखडीचा. टाकीचा पीएच उतरवायला आम्ल घालतात, ते ओतताना काठावर सांडतंच. त्यावर फेस येतो आणि पांढरा डाग कायमचा राहतो. त्याहून वाईट म्हणजे काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला काही जण अख्खी फरशी ॲसिडनं धुतात. कोट्याची पाठ तिथंच खलास. घेतलेला दगड चुनखडीचा आहे की नाही, हे बघायला कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघावा. ग्रॅनाइटला काही होत नाही.

निपाणकर (५ जून, दुपारी १२.४१)

पटलं. पडवीला कोटा, काठाला ग्रॅनाइट.

सांबरा_टेकऑफ (५ जून, सायंकाळी ६.१०)

लाकडी डेक कुणी सुचवला नाही. पुण्यात मित्राकडं फार सुंदर दिसतो.

गवंड्याचा_नातू (५ जून, सायंकाळी ७.००)

पुण्यात ठीक. जांबोटीच्या पावसात सागसुद्धा दरवर्षी तेल मागतो आणि फळ्यांखाली विंचू, साप बसतात. प्लास्टिकमिश्रित फळी कुजत नाही, पण उन्हात तापते आणि फुगते, फटी न ठेवल्यास वर उचलते. हिरवळीच्या गालिच्याचंही तेच, उन्हात चटका देतो. मी सुचवणार नाही.

पेव्हरप्रेमी (५ जून, रात्री ८.२५)

अंगणाला पेव्हर ब्लॉक घाला की! गाडी लावता येते, खाली पाइप फुटला तर उचलून परत बसवता येतो, फटीतून पाणी मुरतं.

चिरेखाण (५ जून, रात्री ८.५०)

गाडीच्या जागेला ठीक आहे. पण आख्खं अंगण पेव्हरचं केलं तर घर पेट्रोल पंपासारखं दिसतं. घराला अंगण राहू दे.

बिजगर्णीची_अक्का (६ जून, सकाळी ६.२०)

इतका वेळ नुसतं वाचत होते. पोरांनो, अंगण म्हणजे काय सगळंच झाकायचं असतं का? आमचं अर्धं अंगण अजून मातीचं आहे. मुरूम टाकून धुमसून घेतलाय, दर शनिवारी सारवते. पावसाळ्यात चार महिने तिथं कुणी जात नाही, दिवाळीआधी परत धुमसायचं. तुळशीभोवती तरी माती ठेव बाबा. तुझ्या आईला विचारलंस का, तिला काय हवंय?

मलप्रभाकाठ (६ जून, रात्री ९.३०)

अक्का, विचारलं नव्हतं. तुमचं वाचलं आणि फोन ठेवून आईजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "मला दारात रांगोळी काढायला जागा पाहिजे, आणि ती दिसली पाहिजे." गडद फरशीवर पांढरी रांगोळी छान उठते, हे तिनंच सांगितलं. आणि तुळशीला माती. बाकी तुझं तू बघ म्हणाली.

आता ठरवलंय, घाई करायची नाही. सहा प्रकारचे दोन-दोन फुटांचे तुकडे आणून टाकीशेजारी फणसाखाली उघड्यावर मांडतो. पाऊस त्यांच्यावर पडू दे. महिन्यानं सांगतो.

उद्यमबागकर (६ जून, रात्री ९.५२)

हीच खरी चाचणी. तुकडे ढाळावर मांडा, सपाट नको. एकावर साबणाचं पाणीही टाकून बघा.

टिळकवाडी_दुसरे_गेट (११ जून, दुपारी ४.००)

तुकडे भिजेपर्यंत खालच्या कामाचं बोलू. फरशी खराब निघते त्यातल्या निम्म्या वेळी दोष फरशीचा नसतो. आमच्या दारापुढं पाणी साठतं, कारण ढाळ घराकडं दिला गेला. आता उंबऱ्याशी रोज पोतं टाकावं लागतं. ८ फुटाला निदान १ इंच ढाळ हवाच, आणि तो टाकीपासून बाहेर, नाहीतर अंगणातला चिखल टाकीत. बाहेरच्या कडेला जाळीची पन्हळ काढा.

गवंड्याचा_नातू (११ जून, सायंकाळी ७.३०)

अगदी बरोबर. त्यात भर घालतो. टाकीच्या भोवतीची माती भरावाची असते, ती बसते. घाईत फरशी घातली तर पहिल्याच वर्षी काठ कलतो, तोही टाकीकडं. भराव थराथरानं पाणी मारून धुमसा, एक पावसाळा बसू द्या, मग सोलिंग (दगडांचा थर) आणि काँक्रीट. तुम्ही महिनाभर थांबताय ते त्यासाठीही चांगलं. आणि टाकीची कड व काठाची फरशी ह्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट सोडून त्यात रबरासारखं सीलंट भरायचं, सिमेंट नाही. टाकी एका चालीनं हलते, जमीन दुसऱ्या. मध्ये सिमेंट भरलं तर कड तडकते.

शहापूरची_सून (२९ जून, सकाळी १०.१०)

बाहेर नुसता पाऊस पडूलाय, तुमच्या तुकड्यांची आठवण झाली. काय म्हणतायत?

मलप्रभाकाठ (१९ जुलै, रात्री १०.२०)

मंडळी, आलो. सहा आठवडे झाले. जांबोटीकडं पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे, तुकड्यांना दम खायला उसंत नव्हती.

जांभा: तिसऱ्या आठवड्यात हिरवा. नातू, तुमचं खरं ठरलं. पण जो चिरा मी गमतीनं पूर्वेला उन्हाच्या जागी ठेवला होता, तो आजही लाल आणि खरखरीत आहे. चिरेखाण दादा, तुमचंही खरं ठरलं.

मॅट विट्रिफाइड: शेवाळ कमी. पण साबणाचं पाणी टाकलं आणि माझाच पाय गेला, खांब धरला म्हणून वाचलो. बाद.

शहाबादी: एका कोपऱ्याचा पापुद्रा नखानं निघतोय.

रफ कोटा: कडेला हिरवट झाला, काथ्याच्या ब्रशनं आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं दोन मिनिटांत साफ. पाय धरतो.

पेव्हर: पाठ चांगली, पण फटीत शेवाळाच्या गाद्या.

फ्लेम केलेला करडा ग्रॅनाइट: थोडी काळपट छटा, घसरण अजिबात नाही.

काल आईला घेऊन गेलो. पावसाची उघडीप होती. मी एका बाजूनं धरलं, बायकोनं दुसऱ्या बाजूनं, आणि आई चप्पल काढून एकेका तुकड्यावर उभी राहिली. विट्रिफाइडवर आम्ही तिला जाऊच दिलं नाही. ग्रॅनाइटवर आली तेव्हा तिनं माझा हात सोडला. मी परत धरायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, इथं काही होत नाही."

मंडळी, त्या मोडलेल्या हातानं तिनं पदर सावरला आणि तिथं उभी राहून फणसाला किती फळं लागली होती ते विचारत बसली. मला पुढं काही बोलता येईना.

तर काठाला फ्लेम ग्रॅनाइट, पडवीला रफ कोटा, फाटकापासूनच्या उन्हातल्या वाटेला घरचा जांभा. टाकीत फिकट निळी मोझेक. तुळशीभोवती ८ बाय ८ ची माती. दारात एक कडप्पा, टाकी मारून घेतलेला, रांगोळीसाठी. छपराखाली आहे, भिजणार नाही. फांद्याही थोड्या छाटतोय, ऊन यायला.

बिजगर्णीची_अक्का (२० जुलै, सकाळी ६.०५)

डोळ्यांत पाणी आलं रे बाबा. सारवायला मला बोलाव. शेण चांगल्या गाईचं आण.

निपाणकर (२० जुलै, सकाळी ८.१५)

कोटा पडवीत राहिला, समाधान आहे. तोंड गोड करायला कुंदा कधी?

टाकीवाला_अण्णा (२० जुलै, सकाळी ११.४०)

एक राहिलं. टाकीत उतरायला शिडी नको, पायऱ्या करा. चढ ६ इंचांपेक्षा जास्त नको, पाय ठेवायला १२ इंच जागा. प्रत्येक पायरीच्या कडेला गडद रंगाची दोन इंची पट्टी घाला. पाण्यातून कड दिसत नाही, वयस्कर माणसाला तर नाहीच. आणि दोन्ही बाजूंना स्टीलचा कठडा. एकच लावलात तर ज्या हाताची मूठ वळत नाही, त्याच बाजूला तो येईल.

मलप्रभाकाठ (२० जुलै, दुपारी १.१५)

अण्णा, कठड्याची उंची किती ठेवू?

टाकीवाला_अण्णा (२० जुलै, दुपारी १.२२)

पुस्तकातली नको. आईंची काठी मोजा.

मलप्रभाकाठ (२० जुलै, दुपारी १.३०)

मोजली. ३१ इंच.